सादळलेलं सागरी मीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की मुंबई, ठाणे, वसई आणि खाली कोकण-गोव्यापर्यंतच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्यांकडून, म्हणजे घरी समुद्री मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्यांकडून, एकच विचारणा सुरू होते: सॉल्ट मिक्स (टँकसाठी समुद्राचं पाणी बनवायचं तयार सागरी मीठ) ओलं झालंय, वाळवायचं कसं? उत्तराचा बराचसा भाग ‘वाळवू नका’ असाच आहे. पण त्यामागची कारणं समजली, तर हजारो रुपयांची बादली वाचू शकते.

मीठ ओलसर झालंय, गोळे धरलेत. फेकून देऊ का?

लगेच नको. मीठ सडत नाही, त्याला बुरशी येत नाही, आणि मिठात शिरलेलं पाणी हे शेवटी पाणीच आहे. मीठ तुम्ही पाण्यातच टाकणार आहात. प्रश्न वेगळा आहे: ते पाणी आत असताना मिठातल्या घटकांनी आपापसात काय केलं? ते बघून कळत नाही, तपासून कळतं.

स्वयंपाकघरातलं पुडीचं मीठ कोरडं राहतं, मग हेच का भिजतं?

शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाणी धरत नाही. पुडीच्या मिठात गोळे होऊ नयेत म्हणून आणखी एखादा पदार्थही घातलेला असतो. सागरी मिठाची गोष्ट निराळी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात जवळपास १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. ते आणण्यासाठी मिश्रणात मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड घालावंच लागतं. या दोघांना ३० ते ३३ टक्के आर्द्रतासुद्धा पुरते. त्याच्या वर गेलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतात आणि त्यातच विरघळून जातात.

मिठागरांच्या भागात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त मॅग्नेशियमचं नाव घेत नाहीत. पेण-उरणकडचं जाडं मीठ चिनी मातीच्या बरणीत ठेवलं तरी आषाढात त्याला पाणी सुटतं. मिठागरात मीठ जमून आल्यावर मागे उरणारं कडवट पाणी मॅग्नेशियमने भरलेलं असतं, आणि त्याचा अंश खड्यांना चिकटून येतो. तिथे तो नकोसा अंश आहे. आपल्या बादलीत तोच मोजून, मुद्दाम घातलेला आहे. म्हणजे सॉल्ट मिक्स सादळतं ते भेसळीमुळे नव्हे. उलट ज्या सागरी मिठाला भर पावसात उघडं ठेवूनही काही होत नाही, त्यात मॅग्नेशियम आहे का, अशी शंका मला येईल.

पंख्याखाली किंवा उन्हात पसरून वाळेल ना?

जुलैत मुंबईच्या हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते. अशा हवेत पसरलेलं सॉल्ट मिक्स वाळत नाही, आणखी भिजतं. पंखा लावला तर ओली हवा त्याच्याकडे जास्त जोरात पोचते, एवढंच. परातीत पसरून रात्रभर ठेवलेलं मीठ सकाळी चिखल झालेलं असतं, ते यामुळे.

उन्हाचं म्हणाल तर नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या भर दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. तिथे हे मीठ खरोखर वाळेल, सोबत धूळही मिळेल. पण संध्याकाळ झाली की आर्द्रता चढते आणि मीठ पुन्हा पाणी धरू लागतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी ही सोय नाही.

एसीच्या खोलीत?

एसी चालू असताना खोलीतली आर्द्रता साधारण ५० ते ६० टक्क्यांत असते. माणसाला ती हवा कोरडी वाटते, मॅग्नेशियम क्लोराइडला वाटत नाही. त्याची रेघ ३३ वर आहे. डीह्युमिडिफायरही घरी सहसा ४०-५० टक्क्यांवरच लावलेला असतो. तेव्हा अशा खोलीत मीठ आणखी भिजण्याचा वेग कमी होईल, वाळणार मात्र नाही. बादली उघडून मीठ मोजण्यासाठी ही खोली उत्तम. वाळवणासाठी निरुपयोगी.

ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि इथे आकडेच बोलू देतो. २७ अंश सेल्सियसची, ८५ टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा ४५ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता ३१-३२ टक्क्यांवर येते. म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड जेमतेम वाळू लागेल, न लागेल. ६० अंशांना ती १५ टक्क्यांवर येते आणि मीठ नक्की वाळायला लागतं. पण ५०-६० अंशांपासूनच मिश्रणातला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हळूहळू मोडून त्याचा कार्बोनेट होऊ लागतो. थोडक्यात, ज्या तापमानाला मीठ वाळतं त्याच तापमानाला ते बिघडायलाही लागतं. मधली सोयीची जागा नाही.

कार्बोनेट झाल्याने एकूण अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) कागदावर तेवढीच राहते, पण मीठ कालवताना पाण्याचा पीएच एकदम चढतो आणि कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं. ११५-१२० अंशांच्या पुढे गेलात तर मॅग्नेशियम क्लोराइडच मोडू लागतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात. त्या तुमच्या छातीला वाईट आणि ओव्हनच्या पत्र्यालाही.

मायक्रोवेव्ह तर नकोच. तो ओल्या जागा आधी आणि जास्त तापवतो. म्हणजे मॅग्नेशियम-कॅल्शियम जिथे विरघळून बसलंय, नेमका तिथेच भाजतो.

तांदूळ? सिलिका जेल?

तांदूळ नको. बरणीतल्या खडेमिठात चार दाणे टाकणं ठीक. इथे मात्र तांदळाची पूड आणि पिष्ट (स्टार्च) टँकमध्ये जाईल, आणि ३३ टक्क्यांपर्यंत हवा कोरडी करणं तांदळाच्या आवाक्यातलं नाही.

सिलिका जेल ते करू शकतं, पण हिशेब मांडा. २० किलोच्या बादलीत ५ टक्के पाणी शिरलं असेल तर ते एक किलो झालं. इतक्या कोरड्या हवेत सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास पाणी धरतं. म्हणजे पाच-सहा किलो ताजं भाजलेलं जेल हवं, आणि तेही आठवडेच्या आठवडे. बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. कोरड्या मिठाचं रक्षण करायला मात्र सिलिका जेल चांगलं. पुडी मिठात पुरू नका, झाकणाला आतून चिकटवा. निळ्या मण्यांचं जेल टाळा. त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, आणि पुडी फाटून तो टँकमध्ये जायला नको.

कपाटात लटकवायचे ओलावा शोषणारे डबे बादलीत ठेवू नका. त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइडच असतं. डबा कलंडला की त्याचं पाणी मिठात जाईल आणि कॅल्शियमचा हिशेब कोलमडेल.

समजा कसंतरी वाळवलंच. मग मीठ पूर्ववत होतं ना?

नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. कोरड्या मिश्रणात कॅल्शियम क्लोराइडचे आणि सोड्याचे कण शेजारी शेजारी पडून असतात, एकमेकांना धक्का लावत नाहीत. पाणी शिरलं की त्या पाण्याच्या पापुद्र्यात दोघंही विरघळतात, तेही समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट. मग कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, म्हणजे खडू. हा खडू टँकच्या ८.२ पीएचच्या पाण्यात परत विरघळत नाही. मीठ कुडकुडीत वाळवलंत तरी खडू खडूच राहणार.

दुसरी जोडी कॅल्शियम आणि सल्फेटची. त्यांचं जिप्सम होतं. ते मात्र समुद्राच्या पाण्यात विरघळतं, फक्त वेळ घेतं. त्यामुळे त्याची चिंता कमी.

म्हणून ‘वाळवू कसं’ यापेक्षा ‘किती खडू झाला’ हे विचारणं कामाचं. थोडा ओलावा, मऊ गोळे, दोन-चार आठवडे एवढंच असेल तर अनेकदा फरक इतका लहान असतो की घरच्या टेस्ट किटला दिसतही नाही. वर्षभर ओलं पडलेलं मीठ ही वेगळी गोष्ट.

बादलीच्या तळाशी पाणी साठलंय. निथळून टाकू?

कृपा करून टाकू नका. ते ‘पाणी’ म्हणजे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडचं घट्ट द्रावण आहे. सगळ्यात आधी तेच विरघळतं आणि खाली झिरपतं. ते ओतून दिलंत तर वर राहील ते जवळजवळ साधं मीठ. झाकण घट्ट लावून बादली आडवी लोळवा, उलटी करा, पुन्हा लोळवा, म्हणजे खालचं वर जाईल. तरीही मीठ वरून, मधून आणि तळातून असं तिन्हीकडून घ्या.

याचीच दुसरी बाजू: पिशवीला भोक पडून खाली ओघळ आला असेल, तर मॅग्नेशियम-कॅल्शियमचा काही भाग फरशीवर गेला. अशा मिठाची मॅग्नेशियम चाचणी केल्याशिवाय प्रवाळांच्या टँकला हात लावू नका.

तपासणी नेमकी कशी करायची?

पाच-दहा लिटरचं कोरं भांडं, आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी, लहान पंप, चांगला रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) आणि अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या चाचण्या एवढं हवं.

आधी पाणी, मग मीठ, हा क्रम मोडू नका. मिठावर पाणी ओतलं तर क्षणभर घट्ट द्रावण तयार होतं आणि तुम्ही स्वतःच खडू पाडता. पंप चालू ठेवून मीठ थोडं थोडं सोडा. काही तास फिरू द्या. मग २५ अंशांच्या आसपास क्षारता, म्हणजे खारेपणा, बरोबर ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग क्षार) आणा, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला जुळवून समाधान मानू नका. ३५ पीपीटीचं प्रमाण द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. क्षारता चुकली तर पुढचे सगळे आकडे त्याच प्रमाणात चुकतात, आणि दोष मिठाच्या माथी येतो.

आता अल्कलिनिटी मोजा. सगळ्यात आधी तीच मोजायची, कारण खडू झाल्याची चाहूल तिथेच लागते. खडू बनताना १ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक) अल्कलिनिटीमागे जेमतेम ७ पीपीएम (दशलक्ष भागांत ७ भाग) कॅल्शियम जातं. पाकिटावर ८.५ डीकेएच लिहिलंय आणि तुम्हाला ६ मिळाली, तर कॅल्शियम सुमारे १८ पीपीएमने घटलेलं असेल. ४२० चं ४०२. घरच्या किटने हा फरक खात्रीने पकडता येत नाही. म्हणून ‘माझं कॅल्शियम ठीक आलंय, म्हणजे मीठ चांगलं आहे’ हा निष्कर्ष फसवा आहे.

मॅग्नेशियम १,२५० ते १,४०० पीपीएमच्या दरम्यान आलं की पुरे. ते फारच कमी किंवा फारच जास्त आलं, तर बादली नीट मिसळली गेली नाही किंवा ओघळ वाहून गेला. पुन्हा लोळवा, पुन्हा नमुना घ्या.

तुलना पाकिटावरच्या आकड्यांशी करा, आणि ते आकडे कुठल्या क्षारतेला दिलेत तेही वाचा. काही पाकिटांवर ते ३३ पीपीटीचे असतात.

लिटरला किती ग्रॅम घ्यायचं? पाकिटावरचं वजन चालेल का?

नाही चालणार. तुम्ही पाणीही तोलताय. पाकिटावर ३५ पीपीटीसाठी लिटरला ३८ ग्रॅम लिहिलं असेल आणि तेवढं घालून ३३ च मिळत असेल, तर तुमच्या मिठात सुमारे ६ टक्के जादा पाणी आहे आणि तुम्हाला लिटरला साधारण ४० ग्रॅम लागतील. हा आकडा बादलीवर मार्करने लिहून ठेवा. पण पुढच्या महिन्यात त्यावर विसंबू नका, तेव्हा ओल आणखी वाढलेली असू शकते. शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा.

कालवलेलं पाणी ढगाळ आहे आणि तळाशी पांढरा थर बसला.

ढगाळपणा काही तासांत ओसरला तर सोडून द्या. थर उरला तर पाणी काढून तो आरओ पाण्याने दोनदा धुवा आणि त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसला तर खडू. धुणं महत्त्वाचं, नाहीतर चिकटलेला सोडाही फसफसतो आणि उगाच घाबरवतो. टँकमध्ये थर जाऊ देऊ नका. विषारी नाही, पण वाळूवर आणि पंपात बसतो. वरचं स्वच्छ पाणी काढून घ्या.

अल्कलिनिटी कमी आली. दुरुस्त करता येईल?

येईल, आणि स्वस्तात. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. वरच्या उदाहरणात २.५ डीकेएचसाठी साडेसात ग्रॅम. वेगळ्या भांड्यात आरओ पाण्यात पूर्ण विरघळवा आणि पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा. तासाभराने पुन्हा मोजा. गेलेलं कॅल्शियमही भरायचं असेल तर १०० लिटरला साडेसहा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. पण ते सोड्याबरोबर एकाच वेळी नको, नाहीतर तोच खडू पुन्हा. शिवाय १८ पीपीएमसाठी मी तेवढे कष्ट घेणार नाही.

खाण्याचा सोडा म्हणजे खाण्याचा सोडाच. बेकिंग पावडरमध्ये पिष्ट आणि बहुधा फॉस्फेट असतं. धुण्याच्या सोड्याने पीएच उसळतो. पापडखारही नको.

दुरुस्तीला मर्यादा आहे. अल्कलिनिटी निम्म्याहून खाली गेली असेल किंवा मॅग्नेशियमही भलतीकडे असेल, तर त्या मिठात आणखी काय वाहून गेलंय हे घरी कळणार नाही. ते प्रवाळांसाठी वापरू नका.

दगडासारखे गोळे झालेत. हातोडीने फोडू?

मोठे गोळे पिशवीत घालून फोडा, पण चूर्ण करत बसू नका. पाणीच त्यांना फोडेल, फक्त रात्रभर लागेल. लोखंडी कुदळी-उलथणं नको. तांब्या-पितळेचं तर काहीच नको, तांब्याचा अंशसुद्धा प्रवाळ आणि झिंग्यांना मारक असतो.

मीठ पिवळट-तांबूस दिसतंय.

गंज शोधा. चमचा, झाकणाची कडी, मीठ ठेवलेल्या रॅकचे पाय. रंगलेला भाग खरवडून टाका. डाग पसरलेला असेल आणि कारण सापडत नसेल तर मीठ वापरू नका.

सगळी बादलीच एकदम कालवून ठेवली तर पुढे सादळायचा प्रश्नच मिटेल?

मिटेल, जागा असेल तर. २० किलोच्या बादलीतून पाचशेच्या वर लिटर पाणी होतं. मुंबईच्या वन बीएचकेत ते कुठे ठेवणार? मोठे टँक सांभाळणाऱ्यांना मात्र हे जमतं: झाकणाचा ड्रम, लहान पंप, हीटर नाही, आणि वापरण्याआधी क्षारता व अल्कलिनिटी पुन्हा मोजायची. जास्त अल्कलिनिटीची मिठं साठवणीत आपोआप थोडा खडू टाकतात.

जागा वाचवायला दुप्पट-तिप्पट घट्ट द्रावण करून ठेवण्याची कल्पना मात्र सोडून द्या. बादलीत घडलं तेच ड्रममध्ये घडेल.

वापरलं तर माझे प्रवाळ मरतील का?

किती पाणी बदलताय त्यावर आहे. नवं पाणी टँकपेक्षा ३ डीकेएचने कमी असेल आणि तुम्ही १० टक्के पाणी बदललंत, तर टँकची अल्कलिनिटी ०.३ ने उतरते. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळालाही तेवढं सहसा सोसतं. तेच ५० टक्के बदललंत तर दीड डीकेएच, आणि टोकं पांढरी पडू शकतात. नवा टँक पहिल्यांदा भरायला सादळलेलं मीठ वापरायचंच असेल, तर आधी पाणी दुरुस्त करा. नुसत्या माशांच्या टँकमध्ये हा फरक जाणवणारही नाही.

पुढच्या पावसाळ्यात हे होऊ नये म्हणून?

मोठी बादली स्वस्त पडते, पण पावसाळ्यात लहान पाकीट घ्यावं. भाव बघताना फेकलेल्या मिठाचा भावही धरा. मोठी आणलीच तर मे संपायच्या आत, एखाद्या कोरड्या दुपारी उघडा आणि एका वेळच्या पाणीबदलाएवढं मीठ जाड पिशव्यांत हवा दाबून काढून भरा. पिशव्या रबरी कडा असलेल्या झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. पुढे प्रत्येक वेळी एकच पिशवी उघडते, बाकीच्यांना पावसाचा पत्ताच लागत नाही. भरण्याआधी बादली लोळवून घ्या, वाहतुकीत बारीक कण खाली बसलेले असतात.

डबा फरशीवर, बाल्कनीत किंवा सिंकखाली नको. टँकच्या कॅबिनेटमध्ये तर नकोच. सम्पच्या (टँकखालच्या पाणी गाळायच्या टाकीच्या) शेजारची हवा घरातली सगळ्यात दमट असते, आणि बहुतेकांचं मीठ नेमकं तिथेच असतं.

समुद्र इतका जवळ आहे, त्याचंच पाणी आणलं तर?

जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून? सांडपाणी हे एक कारण. दुसरं म्हणजे पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्यालगतची क्षारता उतरते, आणि तुम्हाला गरज असते ती नेमकी तेव्हाच.

तपासणीत नापास झालेलं मीठ कशाला वापरू?

आर्टेमियाची (माशांना खाऊ घालायच्या बारीक झिंग्यांसारख्या जीवांची) अंडी उबवायला. त्यांना २५-३० पीपीटी क्षारता मिळाली की पुरे, अल्कलिनिटीच्या बारकाव्यांशी देणंघेणं नाही. पिल्लं गाळून, गोड्या पाण्याने धुऊन मगच टँकमध्ये द्या. पंप आणि पाइप गळतात का हे पाहण्यासाठीही हे पाणी चालेल. गोड्या पाण्याच्या माशांना औषध म्हणून हे मीठ देऊ नका, त्याने पाण्याचा कठीणपणा आणि पीएच दोन्ही चढतात. उरलेलं भरपूर पाण्यात विरघळवून थोडं थोडं मोरीत सोडा. कुंड्यांमध्ये किंवा सोसायटीच्या झाडांच्या आळ्यात नको.